भिंतीवरचं टाइमटेबल आधी काढ

ताई, नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते. वय 24. बी.कॉम. झाल्यापासून विश्रामबागेत एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करते. जीएसटी रिटर्न, टीडीएस, ऑडिटची कामं माझ्याकडे असतात. येत्या नोव्हेंबरात कॅट, म्हणजे आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, द्यायचं ठरवलंय. बाबा म्हणतात, करायचंच असेल तर नोकरी सोड, पुण्याला जा आणि क्लास लाव. आई म्हणते, आणखी दोन-तीन वर्षं यात गेली तर स्थळं कधी बघायची? मला घरी राहून, पगार चालू ठेवून अभ्यास करायचाय. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी उतारे वाचताना दम लागतो. इंटरनेटवर मिळालेलं रोज दहा तासांचं टाइमटेबल उतरवून भिंतीवर लावलं होतं. आठवडाभरही टिकलं नाही. घरी यायलाच साडेसात होतात. हे घरच्या घरी जमण्यासारखं आहे का, की मी उगाच हट्ट धरलाय?
— एक वाचक, सांगली

जमण्यासारखं आहे. पण ते दहा तासांचं टाइमटेबल आजच भिंतीवरून काढ. ते ज्यानं बनवलं त्याला नोकरी नसणार, आणि महिन्याच्या वीस तारखेला जीएसटी पोर्टल लटकल्यावर क्लायंटचे फोनही घ्यावे लागत नसणार. तुझं ते मोडलं यात तुझ्या जिद्दीचा काही दोष नाही, ते तुझ्यासाठी बनवलेलंच नव्हतं.

तुझं खरं टाइमटेबल तुझ्या ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-वन आणि वीसला थ्री-बी ही जीएसटीची रिटर्न. म्हणजे दर महिन्यात आठ-नऊ दिवस असे, की घरी आल्यावर पुस्तक उघडलं तरी डोळ्यांपुढे जीएसटी नंबरच नाचणार. त्या दिवसांत अभ्यास ठरवूच नकोस. वर्षाचंही तसंच आहे. जुलैअखेर रिटर्नची झुंबड, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, ऑक्टोबरअखेर ऑडिटवाल्यांची रिटर्न. आणि कॅट असते नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारच्या सुमारास. तुझ्या धंद्यातले सगळ्यात वाईट महिने आणि परीक्षेआधीचे महिने एकावर एक येतात, ही तुझी खरी अडचण आहे. मराठी माध्यम ही त्यामानानं किरकोळ गोष्ट.

म्हणून मोठी उचल एप्रिलअखेर ते जूनअखेर घ्यायची. हे तुझे मोकळे महिने. सकाळी पावणेसहा ते सव्वासात अभ्यास, रात्री अर्धा-पाऊण तास फक्त वाचन, रविवारी पाच तास. ऑफिसच्या धावपळीचे दिवस वजा जाता आठवड्याला साधारण पंधरा तास पडतात. जुलैचा उत्तरार्ध आणि पूर्ण सप्टेंबर यांत आठवड्याला सहा तास मिळाले तरी पुरे. त्या काळात नवीन काही शिकायचं नाही, जे आलंय ते विसरायचं नाही, एवढंच. हिशेब केलास तर नोव्हेंबरअखेरपर्यंत साडेतीनशे तासांच्या आसपास भरतात. तेवढ्यात कॅटची चांगली तयारी होते. तेवढ्यात होत नाही असं सांगणाऱ्याला त्याच्या दहा तासांतले खरे तास किती, ते विचार.

एक गोष्ट गावभागात राहणारीला सांगायला नको, तरी सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेनं चाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडली की तुमच्या घरात पुस्तकं नव्हे, गहू-तांदूळ वर चढवायची घाई असते. 2019 ला पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं, 2021 ला पुन्हा घरांत शिरलं. तेव्हा मूळ गुणपत्रिका, दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जूनमध्येच वर ठेव. त्यांच्या प्रती डिजिलॉकरला आणि ईमेलला असू देत. पेपर आणि नोट्स फोनमध्ये उतरवून ठेव. पूर आलाच तर ते आठ-दहा दिवस अभ्यासाच्या हिशेबातून सोडून दे. नंतर ते भरून काढायच्या नादात रात्री जागू नकोस.

आता परीक्षेकडे येऊ. तुझ्या पत्रात तास आहेत, क्लास आहे, पुणे आहे. पेपर कसा असतो याबद्दल एक ओळ नाही. अभ्यासाचं नियोजन तिथूनच सुरू होतं. कॅट दोन तासांची. तीन भाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, क्रम ठरलेला: आधी इंग्रजी, मग डेटा आणि तर्काचे सेट (एकाच माहितीवरचे प्रश्नांचे गट), शेवटी गणित. एका भागातला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. 2024 च्या पेपरात अनुक्रमे 24, 22 आणि 22 असे 68 प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर एक वजा. उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत, म्हणून ते कोरे सोडायचे नसतात.

या आकड्यांतून एक गोष्ट निघते, ती नीट समजून घे. अलीकडच्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहूनही कमी गुणांवर 99 पर्सेंटाइल मिळालेलं आहे. बी.कॉम.ला पन्नास टक्के म्हणजे आपल्याकडे तोंड लपवायची वेळ. इथे त्याच पन्नास टक्क्यांवर अहमदाबादच्या, बंगळुरूच्या आयआयएमची चर्चा सुरू होते. पर्सेंटाइल म्हणजे शंभरात तुझ्यामागे किती जण राहिले. 2024 ला सुमारे 2.93 लाख जण परीक्षेला बसले होते. त्यात 99 म्हणजे तुझ्यापुढे जेमतेम तीन हजार. तेव्हा सगळं यायला हवं हा हट्ट सोड. बावीसपैकी दहा-अकरा गणितं बरोबर सुटली तर तो भाग उत्तम गेला. पण अठरा सोडवून दहा बरोबर आणि बारा सोडवून दहा बरोबर यांत सहा गुणांपर्यंत फरक आहे, आणि वरच्या टोकाला सहा गुणांत कितीतरी माणसं बसलेली असतात.

म्हणजे ही परीक्षा निम्मी येण्याची आणि निम्मी सोडून देण्याची आहे. हे सोडून देणं क्लासमध्ये शिकवत नाहीत. फळ्यावर सर सगळीच गणितं सोडवतात, सोडून दिलेलं गणित फळ्यावर कधी दिसत नाही. ते शिकायचं मॉकमधून, म्हणजे सराव परीक्षेतून, आणि मॉक देऊन शिकायचं नाही, मॉक तपासून शिकायचं. घरी अभ्यास करणाऱ्याला मास्तर नसतो, ही कमतरता खरी आहे. पण समजावून सांगणारे व्हिडिओ आज ढिगानं आहेत. तू कुठे चुकतेस हे सांगणारं कुणी नाही, तेवढंच खरं कमी पडतं. ते काम तुलाच करायचं आहे, आणि या बाबतीत तू इंजिनिअरिंगच्या मुलांच्या चार पावलं पुढे आहेस, कारण तू ऑडिट करतेस. लेजर जुळला नाही तर व्हाउचर काढून एकेक टिक करत जायची तुला सवय आहे. मॉक तसाच तपासायचा.

बहुतेक मुलं काय करतात? मॉक संपला की पर्सेंटाइल बघतात, बरा आला तर मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, वाईट आला तर दुपारी झोपतात, आणि पुढच्या रविवारी दुसरा देतात. अशानं तीस मॉक दिले तरी तिसाव्यात पहिल्याच्याच चुका असतात. तू एक लांब रेघांची वही कर. मॉकमधल्या प्रत्येक प्रश्नापुढे, बरोबर आलेल्यांसह, चारांपैकी एक शेरा लिहायचा. येत नव्हतं. येत होतं, पण घाईत हुकलं. हातच लावायला नको होता. बरोबर आलं, पण महाग पडलं, म्हणजे पाच-सहा मिनिटं गेली. दोन तासांच्या मॉकला ही तपासणी चार तास घेते. रविवारी मॉक, सोमवार-मंगळवार-बुधवारच्या सकाळी तपासणी. उत्तराची चित्रफीत लगेच बघायची नाही. वेळ न लावता तो प्रश्न आधी स्वतः पुन्हा सोडवायचा, आणि तरीही नाहीच आला तर मग बघायचा.

चार मॉक झाले की वहीतल्या शेऱ्यांची बेरीज कर. ‘येत नव्हतं’ जास्त असेल तर तो धडा शिकायला हवा. ‘घाईत हुकलं’ जास्त असेल तर नवीन धडे घेऊन काही फायदा नाही, प्रश्न कमी सोडव. ‘हात लावायला नको होता’ जास्त असेल तर पहिल्या तीन-चार मिनिटांत पूर्ण भाग वाचून प्रश्न निवडायचा सराव कर. महाग पडलेल्यांचा गट मला सगळ्यात फसवा वाटतो. त्यात गुण मिळालेले असतात, म्हणून कुणी त्याकडे बघतच नाही. पुढच्या पंधरवड्याचा अभ्यास काय करायचा हे ही वही सांगेल. इंटरनेटवरच्या कुठल्याही टाइमटेबलाला हे सांगता येणार नाही.

जूनअखेरपर्यंत महिन्याला दोन मॉक पुरे. ऑगस्टमध्ये तीन, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून दर आठवड्याला एक, आणि परीक्षेआधीच्या आठवड्यात शून्य. मॉकची सीरिज एकाच ठिकाणची घे, काही हजारांत मिळते. तीन-तीन घेऊ नकोस. न दिलेले मॉक पडून राहिले की उगाच मन खातं. मॉक फोनवर द्यायचा नाही. परीक्षा डेस्कटॉपवर असते, कॅल्क्युलेटर पडद्यावर माउसनं दाबायचा असतो, रफ कामाला कागद वेगळा. घरी लॅपटॉप नसेल तर रविवारी ऑफिसचा संगणक वापरू द्याल का, असं सरांना विचार. सीए मंडळी परीक्षेचं दुःख जाणून असतात.

गणितात तुझ्याकडे जे आहे त्याची तुला कल्पना दिसत नाही. टक्केवारी, नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर, भागीदारी, सरासरी हे सगळं तू रोज हाताळतेस, आणि अलीकडच्या पेपरांत अंकगणित आणि बीजगणित मिळून गणिताचा मोठा भाग व्यापतात. मे महिन्यात अंकगणित पक्कं कर, त्यात वेळ-काम आणि वेळ-वेग-अंतर यांना जास्त वेळ दे. जूनमध्ये बीजगणित: वर्गसमीकरणं, असमानता, लॉगॅरिदम, फंक्शन. भूमिती बी.कॉम.वाल्यांची विसरलेली असते. त्यासाठी जाडजूड मार्गदर्शक घेण्याआधी बालभारतीचं नववी-दहावीचं गणित भाग दोन काढ, मराठीतलंच. पीडीएफ फुकट मिळते. प्रमेय आपल्या भाषेत एकदा डोक्यात बसलं की त्याच आकृतीवरचा इंग्रजी प्रश्न परका वाटत नाही. क्रमचय-संचय आणि संभाव्यता वेळ उरला तर. नाही उरला तर जाऊ देत.

आणि ऑफिसात कॅल्क्युलेटरवर चालणारा तो हात जरा आवर. अठरा टक्के जीएसटी तोंडी काढायला लाग. चहाच्या वेळेत हा सराव फुकट होतो.

डेटा आणि तर्काच्या सेटना धडे नसतात, म्हणून त्यांचा अभ्यास कसा करायचा हे कुणालाच धड सांगता येत नाही. रोज एक सेट, घड्याळ लावून, बारा-तेरा मिनिटं. नाही सुटला तर घड्याळ बंद करून सुटेपर्यंत. पेपरात पाचेक सेट येतात, त्यातले दोन पूर्ण बरोबर सुटले तर पुष्कळ झालं. म्हणून सेट सोडवण्याइतकाच सेट ओळखण्याचा सराव हवा: पाच सेट समोर ठेव, सहा मिनिटांत वाच, सोपे वाटणारे दोन निवड, मग सगळे सोडवून निवड बरोबर होती का ते पाहा. हा एवढा भाग एकटीनं करू नये असं माझं मत आहे. एकच सेट दुसरा माणूस वेगळ्या तक्त्यानं चार मिनिटांत सोडवताना पाहिलं की जे कळतं ते उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. तू विश्रामबागेत काम करतेस, वालचंद कॉलेज तिथेच आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींत कॅट देणारे सापडतील. एक-दोन जणी शोध, शनिवारी संध्याकाळी दीड तास भेटा, तीन सेट सोडवा, घरी जा. चौघींच्या वर गट वाढवू नका, नाहीतर दीड तास चहातच जातो. सांगलीतल्या अभ्यासिकांचा विचार करत असशील तर जागेपुरत्या त्या ठीक आहेत. पण तिथलं बहुतेक वातावरण एमपीएससीचं, पाठांतराचं. शेजारचा चौदा तास बसतो म्हणून तूही बसशील, आणि पहिल्या भिंतीवरचं टाइमटेबल दुसऱ्या भिंतीवर जाईल.

आता इंग्रजी. इथे जरा थांबून लिहिते, कारण तुझी खरी धास्ती इथली आहे. कॅटमध्ये आता सुटे शब्दार्थ विचारत नाहीत, व्याकरणाचे नियमही सरळ विचारत नाहीत. चोवीसपैकी सोळाच्या आसपास प्रश्न उताऱ्यांवरचे असतात, चार उतारे, प्रत्येक साधारण पाचशे शब्दांचा. विषय कुठलाही: मानववंशशास्त्र, पर्यावरण, शहरांचा इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र. उरलेले परिच्छेदाचा सारांश निवडा, विस्कटलेली वाक्यं लावा, गटात न बसणारं वाक्य शोधा, अशा प्रकारचे. हे सगळे प्रश्न एकच गोष्ट तपासतात. लिहिणाऱ्याचं म्हणणं काय, ते कुणाच्या विरोधात आहे, आणि तो कुठपर्यंत जातो. हे कौशल्य मराठीत वाचणाऱ्याला असतंच. मराठी अग्रलेख वाचून संपादकानं कुणाला चिमटा काढलाय हे तुला कळतं ना? मग पाया आहे. उणीव आहे ती इंग्रजी ओळींवर डोळे टिकण्याची, आणि ती रोजच्या वाचनानंच भरते.

रात्रीच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात हजारेक शब्दांचा एक इंग्रजी लेख घे. बातमी नको, मत मांडणारा लेख. तुझ्या विषयाबाहेरचा निवड. अर्थकारणावरचं वाचायला तुला सोपं जाईल म्हणून ते टाळ. एकदा न थांबता वाच. शब्द अडला तरी पुढे जा. मग लेख झाकून मराठीत दोन वाक्यं लिही: लेखकाचं म्हणणं काय आणि ते तो का म्हणतोय. मराठीत लिहिलंस तर काही बिघडत नाही, उलट समजल्याचं सोंग तिथे आणता येत नाही. मग पुन्हा वाचून आपली दोन वाक्यं तपास. पहिले तीन आठवडे कंटाळा येईल. जूनअखेरपर्यंत हे दोनदा वाचणं एकदावर यायला हवं. शब्दांच्या याद्या पाठ करणारी पुस्तकं मात्र घेऊ नकोस, निदान कॅटसाठी तरी.

उताऱ्याचे प्रश्न मेपासूनच दोन दिवसांआड एक उतारा असे सोडव. चुकीचे पर्याय तीन-चार ठरावीक तऱ्हांनी बनवलेले असतात. एक लेखकाच्या म्हणण्याहून जास्त टोकाला जातो. दुसरा खरा असतो, पण उताऱ्यात नसतो. तिसऱ्यात शब्द सगळे उताऱ्यातले, संबंध मात्र उलटा. तुझ्या वहीत चुकलेल्या प्रश्नापुढे यातली तऱ्हा लिही. महिन्याभरात दिसेल की तू एकाच तऱ्हेला पुन्हा पुन्हा भुलतेस. बहुतेकांचं तसंच असतं.

याच्या जोडीला राज्याची एमबीए सीईटी दे. तू पत्रात तिचं नाव घेतलं नाहीस. कॅटचा डंका मोठा म्हणून आपल्याकडची मुलं तिला दुय्यम समजतात, आणि चर्चगेटचं जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था मुख्यतः तिच्यावर प्रवेश देते हे विसरतात. राज्याच्या सीईटी सेलची ही परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास असते. दीडशे मिनिटांत 200 प्रश्न: तर्काचे 75, आकृत्यांचे 25, गणिताचे 50, इंग्रजीचे 50. प्रश्नाला पाऊण मिनिट आलं. वजा गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. प्रश्न कॅटपेक्षा सोपे, पण स्वभाव उलटा: तिथे सोडायचं कसं ते शिकलीस, इथे पळायचं कसं ते शिकायचं. वरच्या संस्थांना खुल्या गटात 99.9 च्या पुढे लागतात, तेव्हा सोपी आहे म्हणून सहज घेऊ नकोस. कॅट झाल्यावर डिसेंबरचा पहिला आठवडा झोप काढ, मग जानेवारीपासून रोज वेळ लावून सीईटीचे तुकडे सोडव. मार्चअखेरीची ऑफिसातली धावपळ लक्षात ठेव, सुट्टी आधी मागून ठेव. बाकी स्नॅप, एनमॅट, झॅट या इतर संस्थांच्या प्रवेश परीक्षांतली एखादीच निवड, आणि तीही तिथे शिकायला जाशील असं खरंच वाटत असेल तरच. प्रत्येक फॉर्मला पैसे पडतात, आणि प्रत्येक परीक्षा एक रविवार खाते.

पुणे आणि क्लास यांविषयी. नोकरी सोडू नकोस. पगारापेक्षाही अनुभवासाठी. पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरी बऱ्याच आयआयएममध्ये निवडीत मोजली जाते. बिगर-इंजिनिअर आणि मुलगी या दोन्ही गोष्टींनाही कित्येक ठिकाणी वेगळे गुण आहेत. नोकरी सोडून पुण्यात खोली घेऊन बसलीस तर हातचा अनुभव तुटेल आणि वर भाडं, मेस, फी. बाबांना हे असंच सांग. क्लासची गरज पडूच शकते, पण तिची वेळ वही ठरवेल. जूनअखेरच्या बेरजेत गणिताचं ‘येत नव्हतं’ अर्ध्याहून जास्त असेल तर फक्त गणिताचा ऑनलाइन क्लास लाव. विश्रामबागेतून घरी येऊन तो बघता येतो.

पण एक प्रश्न तुलाच. दहावी, बारावी, बी.कॉम.चे गुण तू पत्रात लिहिले नाहीस. कॅटला बसायला पदवीला पन्नास टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 45. तो भाग तू पार केला असशील. मात्र संस्थांच्या निवडीत हे जुने गुण धरले जातात, बंगळुरूसारख्या ठिकाणी चांगलेच. ते आता बदलता येत नाहीत. म्हणून प्रत्येक आयआयएमचे प्रवेशाचे निकष त्यांच्या संकेतस्थळावर वाचून तुझ्या गुणांना कुठलं दार उघडं आहे ते या महिन्यातच बघ. आपल्या राज्यात नागपूरचं आहे, आणि मुंबईतलं पूर्वीचं निटी 2023 पासून आयआयएम मुंबई झालंय. तीन महिने अहमदाबादचे फोटो बघून मग निकष वाचणारे मी पाहिलेत.

ऑफिसात सरांना सांगूनच टाक. लपवून ठेवलंस तर नोव्हेंबरातली रजा, अनुभवाचं पत्र, पगाराचा पुरावा, सगळ्याला अडशील. पगार रोखीनं मिळत असेल तर तो आतापासून बँकेत घ्यायची विनंती कर. नेमणुकीचं पत्र नसेल तर मागून घे. लहान ऑफिसांत ते बहुतेकदा नसतंच. रजा आत्ता, जूनच्या आत मागायची, परीक्षेआधीचे आठ दिवस. सप्टेंबरात मागितलीस तर ते तुझ्याकडे ऑडिटच्या फायलींच्या ढिगाऱ्याआडून बघतील.

आरक्षणाचा लाभ असेल तर दाखल्यांकडे आजच बघ. ओबीसीचं नॉन-क्रिमिलेअर राज्याच्या नमुन्यातलं कॅटच्या प्रवेशाला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला त्या त्या आर्थिक वर्षाचा. सीईटीच्या प्रवेशाला पुन्हा राज्याचे नमुने आणि जात पडताळणी. सेतू केंद्रात ‘दोन्ही नमुने हवेत’ असं स्पष्ट सांग. कॅटची नोंदणी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते आणि सप्टेंबरात बंद होते. 2025 ला फी 2600 रुपये होती, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 1300. फॉर्म पहिल्याच आठवड्यात भर, शेवटच्या दिवसांत पोर्टलचं काय होतं ते तुला मी काय सांगू. केंद्रासाठी पसंतीची शहरं विचारतात. यादीत जवळचं जे असेल ते वर घाल. पुणं मिळालंच तर आदल्या दिवशी मुक्कामाला जायचं, पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहायचं नाही.

आईबाबांना तारखा आणि आकडे दे. ‘बघू कसं होतंय ते’ हे वाक्य घरात स्थळं आणतं. नोव्हेंबरात एक परीक्षा, वसंतात दुसरी, निकाल लागले की निर्णय, एवढं सांग. आणि फीचा आकडा लपवू नकोस. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे जाते. ऐकून बाबांच्या हातातला चहा थांबेल. तेव्हाच हेही सांग की अशा संस्थांसाठी बँका तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज देतात, आणि सीईटीतून मिळणाऱ्या सरकारी संस्थांची फी त्याहून बरीच कमी असते. स्थळांबद्दल आईशी तुझं काय ठरतं ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त इतकंच म्हणेन की कांदेपोह्यांचे कार्यक्रम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रविवारी नकोत, ते मॉकचे आहेत.

आता या रविवारचं. कॅटचे 2017 पासूनचे खरे पेपर उपलब्ध आहेत. 2017 ते 2019 चे तीन तासांचे आणि शंभर प्रश्नांचे होते, ते सुट्या सरावाला वापर. या रविवारी 2021 चा कुठलाही एक पेपर घे, सकाळी बरोबर दोन तास लावून सोडव. काही येणार नाही असं वाटलं तरी पूर्ण बस. वहीत चार शेरे मांड. 2023 नंतरचे पेपर मात्र उघडू नकोस, व्हिडिओत त्यांची उत्तरं दिसली तरी बंद कर. ते ऑक्टोबरसाठी राखून ठेवायचे आहेत. जूनअखेरची बेरीज झाली की चार शेऱ्यांचे चार आकडे आणि तुझे जुने गुण मला लिहून पाठव. मग क्लास लावायचा की नाही ते बोलू.